मखमलीवर चढलेला लाल रंग

मखमल हा शब्द मराठीत आला तो अरबी-फारशीच्या वाटेने, आणि जामदारखान्यातील जिनसांच्या याद्यांपासून घरातल्या दागिन्यांच्या डबीच्या अस्तरापर्यंत तो असा काही रुळला की त्याचे परकेपण आज कोणाच्या ध्यानीही येत नाही. या शब्दाने मनात प्रथम जागे होते ते बोटांना होणारे सुख; मखमल हिरवी असू शकते, जांभळी असू शकते, काळीही असू शकते, पण खरखरीत मात्र असू शकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील गृहिणी ज्या केकला ‘व्हेल्व्हेट केक’ म्हणू लागल्या, त्यांच्याही मनात हाच स्पर्श होता. आज नाताळ जवळ आला की पुण्या-मुंबईच्या बेकऱ्यांत, आणि आता कितीतरी घरांच्या ओव्हनमध्येही, ज्या लालभडक, पिठीसाखरेने माखलेल्या आणि अंगभर भेगाळलेल्या ‘रेड व्हेल्व्हेट क्रिंकल’ कुकीज दिसतात, त्यांचा पूर्वेतिहास पाहू जाता असे आढळते की एका स्पर्शवाचक नावावर रंगाने हळूहळू आपला अंमल बसवला आणि अखेर मूळ धन्यालाच बेदखल केले.

तो मूळ केक लाल नव्हता. पहिल्या पाककृतींत तर कोकोचाही मागमूस नाही. गव्हाच्या मैद्याला चिवटपणा येतो तो ग्लुटेनमुळे, आणि त्या मैद्यात थोडे कॉर्नफ्लोर किंवा बदामाची पूड मिसळली की तो चिवटपणा मावळून केकचा पोत हाताला मऊ आणि जिभेला हलका लागतो, एवढीच त्यातली कारागिरी होती. कोको या घरात शिरला तो नंतर. अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्हान हौटेन घराण्याने १८२८ साली कोकोतील स्निग्धांश यंत्राने दाबून काढण्याची सनद मिळवली, तेव्हापासून कोकोची कोरडी पूड सर्वत्र खपू लागली. अमेरिकन घरांत ही पूड बहुधा नैसर्गिक, म्हणजे क्षाराचा संस्कार न झालेली आणि म्हणून किंचित आंबट असे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या पुडीचा, चॉकलेटचा, ‘डेव्हिल्स फूड’ नावाचा काळसर केक लोकप्रिय झाला, आणि मखमली केक व हा काळसर केक यांच्या सोयरिकीतून पुढचे सारे गोत्र वाढले.

इथे लालीचा पहिला, खरा आणि अस्सल उगम आहे, म्हणून या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. कोकोत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये असतात, आणि जास्वंदीच्या पाकळ्यांतही त्याच कुळातील द्रव्ये असतात. जास्वंदीच्या पाण्यात लिंबू पिळले की ते गुलाबी-लाल होते आणि चिमूटभर सोडा टाकला की निळसर-हिरवे पडते, हा प्रयोग आपल्याकडील शाळकरी मुलांनीही केलेला असतो. रंग हा पदार्थाचा स्थिर गुण नसून आम्ल आणि क्षार यांच्या संगतीवर तो पालटतो, हे ज्ञान आपल्या घरांना तर फार जुने आहे. हळदीला चुन्याचा स्पर्श होताच ती लाल होते, आणि आपल्या देवघरातील कुंकवाची उत्पत्ती याच तत्त्वातून झालेली आहे. अमेरिकन स्वयंपाकघरात केकच्या पिठात ताक पडे, व्हिनेगर पडे आणि ते फुलावे म्हणून खाण्याचा सोडा पडे. या मिश्रणात कधी आम्लामुळे कोकोतील रंगद्रव्ये लालीकडे झुकत, तर कधी सोडा अधिक झाल्याने कोको तांबूस-काळसर होई. दोन्ही वाटांनी हाती येई ती विटेसारखी किंवा ओल्या तांबड्या मातीसारखी मंद छटा. केक कापल्यावर आत दिसणारी ती लाली कोणी घातलेली नव्हती, ती पदार्थातूनच उमललेली होती, आणि माझ्या मते या सर्व इतिहासात सौंदर्याचा क्षण कोणता, असे विचारले तर तो हाच.

पुढची कथा बाटलीची आहे. विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला १८५६ साली डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग सापडला आणि कृत्रिम रंगांचा व्यापार सुरू झाला. कापडावरचे हे रंग मिठाईवर यायला वेळ लागला नाही. भेसळीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की अमेरिकन सरकारने १९०६ साली अन्नशुद्धीचा कायदा केला, आणि दुसऱ्याच वर्षी सात कृत्रिम रंगांना खाण्यासाठी योग्य म्हणून मान्यता दिली. त्या सातांत अ‍ॅमरँथ होता, एरिथ्रोसिन होता, दोन्ही लाल. पुढे मंदीचा काळ आला, नंतर युद्धाचा, आणि टेक्सासमधील अ‍ॅडम्स एक्स्ट्रॅक्ट या अर्क आणि रंग विकणाऱ्या कंपनीने आपल्या मालाबरोबर लाल केकची कृती छापलेले कागद दुकानादुकानांतून वाटले. ज्या घरात कधी ताक आणि सोडा यांच्या भरवशावर मंद लाली येई, त्या घरात आता बाटलीचे झाकण उघडले गेले, आणि केक असा लाल झाला की निसर्गाला तो रंग ओळखू येऊ नये.

याच सुमारास एक दंतकथा फिरू लागली. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात एका बाईंनी हा केक खाल्ला, कृती मागितली, ती मिळाली, पण सोबत जबर रकमेचे बिलही आले. तेव्हा त्या बाईंनी सूड म्हणून ती कृती सगळ्या मैत्रिणींना फुकट वाटून टाकली. अशीच कथा पुढे एका दुकानाच्या कुकीजबद्दलही सांगितली जाऊ लागली, यावरून तिची सत्यता वाचकाने जोखावी. तरीही या कथेत एक खरी भावना आहे: पाककृती ही हातोहात द्यायची गोष्ट आहे, तिचा मक्ता कोणी घेऊ नये.

आफ्रिकी-अमेरिकन समाजाने मात्र या लाल रंगाला वेगळ्याच अर्थाने आपलेसे केले, आणि त्याचा उल्लेख टाळून हा इतिहास पुरा होणार नाही. १९ जून १८६५ रोजी टेक्सासच्या गॅल्व्हस्टन शहरात गुलामांच्या मुक्तीचा हुकूम जाहीर झाला. त्या दिवसाच्या स्मरणार्थ साजऱ्या होणाऱ्या ‘जूनटीन्थ’ सणाच्या पंगतीत लाल सरबते, कलिंगडे आणि लाल केक मांडण्याची वहिवाट आहे. पूर्वजांनी सांडलेले रक्त आणि त्यांचे धैर्य यांची ती खूण मानली जाते. या पंगतीतल्या लाल रंगाला केवळ दिखावा म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

१९७६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने अ‍ॅमरँथवर, ज्याला तेथे ‘रेड नंबर दोन’ म्हणत, बंदी घातली. लोकांच्या मनात लाल रंगाचे भय एवढे बसले की एम अँड एम्सच्या गोळ्यांत तो रंग नसतानाही लाल गोळ्या बाजारातून काढून घेण्यात आल्या आणि १९८७ पर्यंत परतल्या नाहीत. लाल केकही मागे पडला. त्याला पुन्हा प्रकाशात आणले ते १९८९ च्या ‘स्टील मॅग्नोलियाज’ या चित्रपटाने, ज्यात नवरदेवाचा केक खवल्या-खवल्यांच्या आर्माडिलोच्या आकाराचा असून आतून रक्तासारखा लाल निघतो. पुढे १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उघडलेल्या मॅग्नोलिया बेकरीसारख्या दुकानांनी कपकेकची लाट आणली, आणि त्या लाटेबरोबर हा लाल रंग देशोदेशी पोहोचला.

भेगाळलेल्या कुकीची वंशावळ याहून निराळी आहे. बेटी क्रॉकर या नावाची बाई कधी जन्मलीच नाही. एका पीठ कंपनीने १९२१ साली ग्राहकांच्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी ते नाव घडवले. त्याच नावाने १९६३ साली निघालेल्या कुकीजच्या पुस्तकात ‘चॉकलेट क्रिंकल्स’ होत्या आणि त्या अमेरिकेच्या घराघरांत नाताळचा पदार्थ होऊन बसल्या. फिलिपिन्समध्ये तर क्रिंकल हा बेकरीतला नित्याचा जिन्नस आहे. या चॉकलेटी कुकीला मखमली केकचा लाल पोशाख चढला तो अगदी अलीकडे, कपकेकच्या लाटेनंतर.

भेगा पडतात कशा, हे घरी करून पाहिल्याखेरीज नीट समजत नाही. पीठ सैल असते, म्हणून ते दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवून घट्ट करावे, लिंबाएवढे गोळे वळावेत आणि ते पिठीसाखरेत चांगले लडबडून घ्यावेत. ओव्हनची उष्णता लागताच साखर वरच्या थरातील ओल शोषून घेते आणि तो थर लवकर सुकून आवळतो. आतले पीठ मात्र अजून मऊ असते, सोडा किंवा बेकिंग पावडर त्याला फुगवीत असते, आणि मग ते वरचे कवच फोडून बाहेर पसरते. माझ्या पहिल्या खेपेला सात-आठ मिनिटांनी काचेतून पाहिले तर भेगा होत्या, पण पांढरा रंग नाहीसा झाला होता. घरी मिक्सरमध्ये दळलेली पिठीसाखर सगळी विरघळून चिकट पाक झाली होती. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये थोडा स्टार्च असतो, घरच्या पिठीसाखरेत नसतो, हे कारण नंतर ध्यानात आले. दुसऱ्या खेपेस गोळे आधी साध्या साखरेत आणि मग चमचाभर कॉर्नफ्लोर मिसळलेल्या पिठीसाखरेत जाडसर घोळवले, तेव्हा लाल जमिनीवर पांढरे भूखंड अलग झाल्यासारखे सुरेख तडे गेले. भट्टीवरून भाजून आलेल्या नानकटाईच्या डोक्यावरची चीर पाहून घरातील वडीलधारी माणसे ‘खुसखुशीत झाली आहे’ असा निर्वाळा देत, त्याची आठवण त्या क्षणी झाली.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसिनचीही परवानगी मागे घेतली, म्हणजे १९०७ च्या मान्यतेतील आणखी एक लाल रंग दप्तरातून खारीज झाला. ज्यांना बाटलीतला रंग घालायचा आहे त्यांनी खुशाल घालावा. पण यंदाच्या नाताळात एक लहानसा घाणा वेगळा काढावा, त्यात क्षाराचा संस्कार न झालेला कोको, दोन चमचे ताक आणि थोडे व्हिनेगर एवढेच घालावे, आणि कुकी गरम असतानाच मधोमध मोडून उजेडात धरून पाहावी.