रेव्हरंड टिळकांचें लहानपण

'लहानपण' ह्या आपल्या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वयाचें, दुसरें मनाचें. तुकोबांनीं देवापाशीं मागितलें तें दुसरें. स्वर्गाच्या राज्यांत थोर कोण, असें शिष्यांनीं विचारलें तेव्हां येशू ख्रिस्तानेंही एक मूलच त्यांच्यामध्यें उभें केलें. हे दोन्ही प्रवाह मराठींत ज्यांच्या ठायीं एकत्र मिळाले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक होत.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांत करजगांवीं झाला. कवित्व, वक्तृत्व व संस्कृताचा व्यासंग अंगीं असलेल्या ह्या तरुणाला आपणच एक नवा धर्म स्थापावा अशी उमेद होती. १८९३ सालीं आगगाडींत एका सहप्रवाशानें त्यांस 'नवा करार' दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन जिंकलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. धर्म स्थापावयास निघालेला पंडित शिष्य झाला!

ही वाट सुखाची नव्हती. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्या ताटातुटीचें दुःख 'स्मृतिचित्रें'त त्यांनीं निर्भीडपणें सांगितलें आहे.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत तेव्हां पुष्कळदां इंग्रजी भजनांचीं भाषांतरें परक्या चालींवर गात. उसन्या भाषेंत मनुष्य अदबीनें बोलतो, परंतु लेंकराप्रमाणें हट्ट धरीत नाहीं. टिळकांनीं ओवी-अभंग हातीं घेतले, आणि वारकरी विठोबाला माउली म्हणतो त्याच जिव्हाळ्यानें ख्रिस्ताला आई म्हटलें. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें ते सांगत.

१९१७ सालीं मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनीं तेथें एकत्र यावें, हा त्यांचा हेतु होता. मे १९१९ मध्यें मुंबईंतच त्यांचा अंत झाला.

श्रोतेहो, गिरगांव-दादरच्या कित्येक घरांना टिळक परिचित आहेत ते 'फुलांमुलांचे कवी' म्हणून. परंतु त्यांचें लहानपण म्हणजे बालिशपणा नव्हे. मूल आईकडे जातें तें आपली योग्यता सिद्ध करून नव्हे. तें फक्त जातें. टिळकांनीं तेहतिसाव्या वर्षीं धर्मसंस्थापकाचा मान टाकला, पंचावन्नाव्या वर्षीं पगाराचा आधार टाकला. वयाचें लहानपण आपोआप सरतें. मनाचें मात्र वाढत्या वयांत, एकेक मोठेपण उतरवून, मिळवावें लागतें.