कडूकवठाचे तेल आणि ॲलिस बॉल

कोकणात व गोव्यात आढळणाऱ्या कडूकवठाकडे आज सहसा कोणी वळून पाहत नाही. संस्कृत ग्रंथांतील तुवरक तो हाच, असे मानले जाते. पश्चिम समुद्राकाठच्या या वृक्षाच्या बियांचे तेल सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात कुष्ठावर सांगितले आहे. त्याचा बंगाल-ब्रह्मदेशाकडील सगोत्र वृक्ष म्हणजे चौलमुगरा.

१८५४ मध्ये कलकत्त्याचे डॉ. फ्रेडरिक मौआट यांनी चौलमुग्र्याची शिफारस केली आणि ते तेल पाश्चात्त्य वैद्यकात शिरले. पुढे कित्येक वर्षे त्याचे बी भलत्याच झाडाचे समजले जाई. १९०१ च्या सुमारास डेव्हिड प्रेन यांनी तो घोटाळा निस्तरला. मग १९०४ मध्ये लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर यांनी तेलातून चौलमुग्रिक आम्ल वेगळे केले, पाठोपाठ हिडनोकार्पिक आम्लही. सामान्य तेलांतील मेदाम्लांची साखळी सरळ असते. या दोहोंच्या टोकाला पाच कार्बन अणूंचे कडे असते.

पण द्रव्य सापडले म्हणजे औषध झाले, असे नव्हे. तेल प्यावे तर वांत्या होत. टोचावे तर ते दाट असल्याने अंगात न जिरता त्वचेखाली गाठी होत, आणि वेदना असह्य. ही अडचण सोडवली हवाई बेटांतील ॲलिस बॉल या तेवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणीने. डॉ. हॅरी हॉलमन यांच्या विनंतीवरून तिने तेलातील मेदाम्लांची इथाइल एस्टर बनवली. ती पातळ असल्याने टोचता येत आणि शरीरात शोषली जात. १९१५ साली हवाई कॉलेजची एम.एस. पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री. आपले काम प्रसिद्ध करण्याआधीच ३१ डिसेंबर १९१६ रोजी ती वारली.

तिचे काम कॉलेजचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी पुढे चालवले, आणि पद्धतीला नाव लागले डीन यांचे! टिपण खालच्याने लिहावे व श्रेय वरच्या सहीने घ्यावे, ही रीत मी नोकरीत पुष्कळ पाहिली. पण येथे टिपण लिहिणारी हयातही नव्हती. १९२२ मध्ये हॉलमन यांनी आपल्या लेखात ‘बॉलची पद्धत’ असा स्पष्ट उल्लेख केला, तो फारसा कोणी मनावर घेतला नाही.

या टोचणीने रोग समूळ जात नसे. काही रुग्ण घरी परतत, काहींना तो पुन्हा जडे. १९४१ मध्ये अमेरिकेत कारव्हिल येथे सल्फोन औषधांचा उपयोग सुरू झाला आणि तेल हळूहळू मागे पडले. ॲलिस बॉलच्या नावाचा फलक हवाई विद्यापीठातील चौलमुग्र्याच्या झाडापाशी लागला, तो २००० साली.