दवाखाना, इस्पितळ आणि मधल्या पायऱ्या

मी कवितेत रमणारा माणूस. औषधांतलं मला फारसं कळत नाही, शब्दांतलं थोडंफार कळतं. म्हणून या विषयाकडे मी शब्दांच्या वाटेनं येतो. उपचाराच्या जागेला आपल्या मराठीत तीन नावं आहेत. दवाखाना, इस्पितळ आणि रुग्णालय. 'दवा' अरबी, 'खाना' फारसी. 'इस्पितळ' आपल्याला पोर्तुगिजांनी दिलं. 'रुग्णालय' संस्कृत घडणीचं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो 'आजार' पुन्हा फारसी! दुखणं कुणाचंही असो, त्याला नाव द्यायला चार भाषा धावून आल्या.

गंमत अशी, की बोलताना आपण या नावांची सरमिसळ करत नाही. खोकला झाला की 'दवाखान्यात जाऊन येतो' म्हणतो. 'येतो' म्हणजे घरी परतायचंच आहे. 'इस्पितळात ठेवलंय' असं कानावर पडलं, की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. कुठल्या दुखण्याला कुठली जागा, हा हिशेब भाषेनं कधीच मांडून ठेवला आहे.

हा हिशेब तसा फार जुना. इजिप्तमधल्या कैरो शहरात सुलतान कलावून यानं १२८४ साली एक मोठं रुग्णालय उभारलं. तिथं तापाच्या रोग्यांची जागा वेगळी, डोळ्यांच्या दुखण्याची वेगळी, शस्त्रक्रियेची वेगळी. बायकांची सोयही स्वतंत्र होती. एकाच छपराखाली सगळ्यांना कोंबून चालत नाही, हे त्या काळच्या हकिमांना ठाऊक होतं.

आपल्याकडे १८४५ साली मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय सुरू झालं. पुढे १८८६ साली कामा रुग्णालय खास बायकामुलांसाठी उघडलं. पुरुष डॉक्टरसमोर जायला बायका तयार नसत, घरचेही नेत नसत. बाईला बाई डॉक्टर मिळाली, तेव्हा कुठं अनेकींच्या पायांना इस्पितळाची वाट फुटली. म्हणजे उपचाराची जागा नुसती असून भागत नाही. माणसाला तिथं जावंसं वाटलं पाहिजे.

हे किती खरं आहे, ते दहाच वर्षांत दिसलं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. लोक रोगी लपवू लागले. सरकारी माणूस येऊन घरच्या माणसाला उचलून नेईल आणि तो परत येणार नाही, ही धास्ती रोगाहून मोठी झाली. ही धास्ती पुढं कितीतरी वर्षं टिकली. माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात 'त्याला सिव्हिलला नेलं' असं कुणी सांगितलं, की म्हाताऱ्या बायका डोक्यावरचा पदर सारखा करून दुवा मागायला लागत. जिल्ह्याच्या इस्पितळात माणसं मरतात, अशी त्यांची खात्री. ती अगदीच खोटीही नव्हती. कारण सगळे उपाय थकल्यावरच माणूस तिथं पोचायचा. उशिरा नेला म्हणून तो दगावायचा, आणि तो दगावला म्हणून पुढच्याला आणखी उशिरा नेलं जायचं.

हा फेरा तोडायचा तर घर आणि मोठं इस्पितळ यांच्यामध्ये पायऱ्या हव्यात. हा विचार आपल्या देशात नीट मांडला तो सर जोसेफ भोर यांच्या समितीनं. भोर आपल्या नाशिकचे. समिती १९४३ साली नेमली गेली, अहवाल १९४६ साली आला. गावाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याच्यावर त्याहून मोठं रुग्णालय, सर्वांत वर जिल्ह्याचं, अशी ती मांडणी होती. आणि पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे तिचं मूळ सूत्र होतं. १९५२ पासून समुदाय विकास योजनेबरोबर ही केंद्रं उभी राहू लागली. आजचा सरकारी मापदंड असा : सपाट भागात ५ हजार वस्तीला एक उपकेंद्र, ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. आदिवासी आणि डोंगराळ भागात याहून कमी वस्तीला. अनेक उपकेंद्रांवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते.

खालच्या पायरीवर काय घडू शकतं, याचं उदाहरण आपल्या कोकणातलंच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावून धडधाकट माणसं, लहान पोरं दगावत होती. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून पाहिलं, की विंचवाचं विष हृदयावर घाला घालतं. पुढं त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली आणि मरणारी माणसं वाचू लागली. विंचू चावलेल्याला मुंबई गाठायला वेळच नसतो. त्याचा जीव जवळच्या केंद्रात वाचला तरच वाचतो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना, त्यांतल्या काही निरक्षर, त्यांनी आरोग्य सेविका केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. त्यामुळं बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, हे १९९९ साली जगापुढं आलं. २००५ पासून गावोगाव दिसू लागलेली आशाताई याच वाटेवरची. घराचा उंबरठा हीसुद्धा उपचाराची एक पायरी आहे, हे या मंडळींनी दाखवलं.

आता काळ उलटला आहे. ज्या मोठ्या इस्पितळाला आमच्या म्हाताऱ्या भ्यायच्या, तिथं आज सर्दीपडशाचीही रांग असते. साध्या डोकेदुखीला माणूस थेट मेंदूच्या तज्ज्ञाकडे जातो, चार तपासण्या करतो, महिन्याचा पगार ठेवून येतो. आणि खरोखर ज्याला धावपळ करून न्यायला हवं, तो मात्र 'सकाळी बघू' म्हणून रात्र काढतो. बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी १९९४ साली तीन उशीर सांगितले होते. ठरवायला होणारा उशीर, पोचायला होणारा उशीर आणि पोचल्यावर उपचाराला होणारा उशीर. यातला पहिला उशीर आपल्या घरातला आहे. तो कमी करायला सरकारी आदेश लागत नाही.

म्हणून माझ्यासारख्या बिनडॉक्टरी माणसानं डॉक्टरांना विचारून मनाशी जे पक्कं केलं, ते सांगतो. ताप, खोकला, पोट बिघडणं, रक्तदाबाची, मधुमेहाची नेहमीची गोळी, यासाठी जवळचा, आपल्याला ओळखणारा डॉक्टर. लसीकरणाला, गरोदर बाईच्या तपासणीला आरोग्य केंद्र. कुत्रा चावला तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच लशीसाठी जायचं. साप चावला तर मांत्रिकाकडे जायचं नाही, विषावरचं औषध असेल त्या जवळच्या सरकारी केंद्रात जायचं.

आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवायची आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. मधे तीन दवाखान्यांच्या पायऱ्या चढण्यात ते तास संपून जातात. छातीत कळ आली, दम कोंडला, मोठा अपघात झाला, तरी असंच. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ती बोलवायला संकोच कसला?

आमच्या घरात दूधवाल्याचा आणि गॅसवाल्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला असे. तिथंच आणखी तीन ओळी लिहायला जागा असते. जवळचं आरोग्य केंद्र कुठं, सीटी स्कॅनचं रुग्णालय कुठं, आणि रात्री-अपरात्री गाडी घेऊन येईल असा शेजारी कोण. शेजाऱ्याला मात्र आधी विचारून ठेवा. तो नाही म्हणणार नाही.