इन-आउट सेंटर (१९७२-१९७४) : आम्स्टरडॅममधील एक छोटे कलादालन आणि आइसलँडचे तीन कलावंत

प्रस्तावना

आधुनिक कलेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचा भर प्रामुख्याने मोठी संग्रहालये, द्वैवार्षिक प्रदर्शने आणि नामवंत दलालांची दालने यांवर राहिलेला आहे. या संस्थांची दप्तरे जतन केलेली असतात, त्यांच्या प्रदर्शनांच्या सूची छापलेल्या असतात, त्यामुळे इतिहासकाराचे काम सुकर होते. याउलट एखाद्या कालव्याकाठच्या घरात दोन वर्षे चालून बंद पडलेले कलादालन इतिहासात तळटीपेपुरतेच उरते. आम्स्टरडॅममधील ‘इन-आउट सेंटर’ हे असेच एक दालन होय. १९७२ ते १९७४ या काळात रेगुलियर्सग्राख्त या कालव्यावर ते चालले. त्याच्या नऊ कलावंत-सदस्यांपैकी तीन आइसलँडचे होते. ज्या देशाची लोकसंख्या त्या वेळी जेमतेम दोन लाखांच्या वर होती, त्या देशाच्या दृश्यकलेला नवे वळण देण्यात या दालनाचा वाटा किती होता, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

नावांविषयी प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. आइसलँडमध्ये आडनावाची प्रथा सर्वसाधारणपणे नाही. पित्याच्या नावाला ‘सोन’ म्हणजे पुत्र किंवा ‘दोत्तिर’ म्हणजे कन्या हा प्रत्यय लागतो आणि व्यक्तीचा उल्लेख पहिल्या नावानेच केला जातो. म्हणून पुढील विवेचनात ह्रेइन्न फ्रिद्फिन्सोन, क्रिस्तियान ग्वुद्मुंद्सोन आणि सिगुर्दुर ग्वुद्मुंद्सोन यांचा निर्देश ह्रेइन्न, क्रिस्तियान आणि सिगुर्दुर असा केला आहे. क्रिस्तियान व सिगुर्दुर हे सख्खे भाऊ. मात्र केवळ ‘ग्वुद्मुंद्सोन’ या नावावरून कोणाचेही नाते गृहीत धरता येत नाही, हे पुढे येणाऱ्या सोलोन ग्वुद्मुंद्सोन या तिसऱ्याच व्यक्तीच्या संदर्भात ध्यानात ठेवावे लागते.

परदेशातून घडलेली कला

आइसलँडच्या चित्रकलेचा परदेशाशी संबंध जन्मापासूनचा आहे. आइसलँडचे राष्ट्रीय कलादालन १८८४ मध्ये स्थापन झाले ते कोपनहेगनमध्ये. ब्यॉर्न ब्यार्नार्सोन यांनी मुख्यत्वे डॅनिश चित्रकारांकडून देणगीदाखल चित्रे मिळवून हा संग्रह उभा केला. देश तेव्हा डेन्मार्कच्या अंमलाखाली होता. १९०० साली थोरारिन थोर्लाक्सोन यांनी रेक्याविकमध्ये आपल्या निसर्गचित्रांचे प्रदर्शन मांडले आणि तेथून आइसलँडच्या आधुनिक चित्रकलेचा आरंभ मानला जातो. त्यांचेही शिक्षण कोपनहेगनमध्येच झाले होते. १९४४ मध्ये प्रजासत्ताक जाहीर झाल्यानंतरही डोंगर, हिमनद्या आणि लाव्हाची मैदाने यांच्या चित्रणाला राष्ट्रीय अस्मितेचे वजन होतेच. पुढच्या पिढीने अमूर्त शैली स्वीकारली, पण कॅनव्हासची चौकट सोडली नाही.

ती चौकट मोडण्याची पूर्वतयारी एका परकीयाने केली, हे नमूद करण्यासारखे आहे. जर्मनीत जन्मलेला दीटर रोथ १९५७ मध्ये आपल्या आइसलँडिक पत्नीसह रेक्याविकला येऊन राहिला. कवी एइनार ब्रागी यांच्यासमवेत त्याने एक छोटी प्रकाशनसंस्था चालविली आणि पुस्तक हीच कलाकृती होऊ शकते हे तेथील तरुणांना प्रत्यक्ष दाखविले. १९६५ मध्ये चार तरुण कलावंतांनी ‘सूम’ या नावाने पहिले प्रदर्शन भरविले. ह्रेइन्न त्या चौघांपैकी एक. १९६९ मध्ये या गटाने रेक्याविकमध्ये स्वतःचे दालन उघडले आणि ग्वुद्मुंद्सोन बंधू त्यात सामील झाले. मात्र खरेदीदार जवळपास नव्हते, शासकीय संग्रहाला या प्रकारच्या कलेत रस नव्हता आणि ती समजून घेणारा प्रेक्षक मोजका होता.

१९७१ च्या एप्रिलमध्ये रेक्याविकच्या धक्क्यावर मोठा जनसमुदाय लोटला. डॅनिश आरमाराच्या जहाजातून ‘कोडेक्स रेगिउस’ आणि ‘फ्लातेयारबोक’ ही दोन मध्ययुगीन हस्तलिखिते कोपनहेगनहून मायदेशी परत आली होती. दीर्घ वाटाघाटींचे ते फळ होते. याच सुमारास देशातील सर्वांत प्रयोगशील कलावंत मात्र उलट दिशेने निघाले होते. ग्वुद्मुंद्सोन बंधू १९७० मध्ये नेदरलँड्समध्ये गेले आणि १९७१ मध्ये ह्रेइन्न आम्स्टरडॅमला स्थायिक झाला. जुना ठेवा घरी येत असता नवी निर्मिती घराबाहेर पडत होती. हा योगायोग असला तरी त्या काळच्या आइसलँडमध्ये कशाला ‘आपले’ म्हणत असत, याची कल्पना त्यावरून येते.

आम्स्टरडॅमचीच निवड का, याचे उत्तर अंशतः त्या शहराच्या वातावरणात सापडते. १९६९ मध्ये तेथील स्टेडलिक संग्रहालयाने संकल्पनात्मक कलेचे महत्त्वाचे प्रदर्शन भरविले होते. ‘आर्ट अँड प्रोजेक्ट’ सारखे खाजगी दालन टपालाने पाठविता येणाऱ्या पत्रकांनाच प्रदर्शनाचा दर्जा देत होते. सिगुर्दुरने पूर्वी हार्लेमला शिक्षण घेतलेले असल्याने एक वाट आधीच मळलेली होती. पॅरिस किंवा न्यूयॉर्कपेक्षा हे शहर लहान आणि परक्या माणसाला सामावून घेणारे होते, हेही कारण दुर्लक्षिता येत नाही.

दालनाचे स्वरूप

इन-आउट सेंटरचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे ते कलावंतांनी कलावंतांसाठी चालविलेले होते. आम्स्टरडॅममधील अशा स्वरूपाचे पहिले स्वतंत्र दालन म्हणून त्याचा उल्लेख होतो. कोलंबियाचे मिशेल कार्देना व राउल मारोकिन, मेक्सिकोचा उलिसेस कारियोन, आइसलँडचे वर उल्लेखिलेले तिघे आणि नेदरलँड्सचे हेटी हाउसमन, पीटर लाउरेन्स मोल व खेरिट यान डी रोक असे हे नऊ जण. म्हणजे नवांतील सहा परदेशी होते. त्यांतही लॅटिन अमेरिका आणि उत्तर अटलांटिक अशा दोन टोकांचे लोक तिसऱ्याच भूमीवर एकत्र आले होते. त्यांना जोडणारी भाषा कोणाचीच मातृभाषा नव्हती. या दालनातील कृतींमध्ये मोजके शब्द, साधे छायाचित्र आणि उघड कृती यांना जे महत्त्व आले, त्याच्या मुळाशी ही परिस्थितीही असावी.

दालनाच्या नावाने पुस्तकेही निघत. कारियोनचे ‘सॉनेट्स’ हे १९७२ चे पुस्तक ‘इन-आउट प्रॉडक्शन्स’ या छापाखाली प्रसिद्ध झाले. मारोकिनच्या ‘फांदांगोस’ या नियतकालिकात ह्रेइन्नने एक निवेदन दिले. आपण व्यक्तिगत गुपिते गोळा करीत आहोत, कृपया आपली पाठवावीत, अशा आशयाचे. गुपित पाठविले की ते गुपित राहत नाही आणि न पाठविले तर संग्रह होत नाही. अवघ्या दोन ओळींच्या मजकुरात कलाकृती, वाचक आणि टपालखाते असे तिन्ही घटक गुंतविणारी ही कल्पना त्या दालनाच्या एकूण वृत्तीचा नमुना म्हणता येईल.

येथे एका व्यावहारिक बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. संकल्पनात्मक कलेचे विवेचन करताना तिच्या तत्त्वज्ञानाची चर्चा पुष्कळ होते, तिच्या वाहतुकीची मात्र होत नाही. रेक्याविक ते आम्स्टरडॅम हे अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर आहे. शिल्पे किंवा मोठे कॅनव्हास नेण्याचा खर्च बाजारपेठ नसलेल्या कलावंताला पेलणारा नव्हता. छायाचित्र, टंकलिखित मजकूर आणि पातळ पुस्तिका लिफाफ्यात मावत. कलेचे हे हलके रूप वैचारिक भूमिकेतून आले हे खरेच आहे. परंतु दूरच्या आणि निर्धन कलावंताला युरोपच्या कलाविश्वात बरोबरीने बसण्याची सोय त्या रूपाने करून दिली, हा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो.

कृती आणि मायभूमी

या तिघांनी परदेशात राहून आंतरराष्ट्रीय शैली उचलली, असे एक सोपे विधान केले जाते. प्रत्यक्ष कृती तपासल्यास ते टिकत नाही. क्रिस्तियानच्या ‘चौकोनातील त्रिकोण’ (१९७१-७२) या कृतीत साध्या मातीच्या चौकोनावर मातीचाच त्रिकोण आहे. तो वरकरणी निव्वळ भौमितिक वाटतो. फरक इतकाच की त्रिकोणाची माती धर्मविधीने पवित्र केलेली आहे. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. १९७२ च्या ‘पुन्क्तार’ म्हणजे ‘पूर्णविराम’ या पुस्तिकेत त्याने नोबेल पारितोषिकविजेते लेखक हाल्दोर लाक्सनेस यांच्या कवितांतील पूर्णविराम प्रचंड मोठे करून छापले. शब्द सारे गळून गेले आणि उरले केवळ शाईचे ओबडधोबड गोळे. ज्या देशात साहित्य हेच सर्वोच्च सांस्कृतिक धन मानले जाते, तेथे या विनोदाला धार होती. आम्स्टरडॅमच्या वाचकाला ती कदाचित जाणवलीही नसेल. १९७३ च्या ‘वर्तुळे’ या पुस्तकात पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या वलयांची छायाचित्रे आहेत आणि ज्या कागदावर ती छापली आहेत त्याचे वजन त्या दगडाइतकेच ठेवले आहे. हे पुस्तक स्टेडलिक संग्रहालयाने काढले. छोट्या दालनापासून मोठ्या संग्रहालयापर्यंतचा प्रवास एवढ्या अल्पावधीत घडला.

ह्रेइन्नची १९७२ ची ‘पवित्र आणि मंतरलेली स्थळे’ ही मालिका आइसलँडमधील अशा जागांची छायाचित्रे दाखविते, जेथे गवत कापणे वा जमीन हलविणे लोकसमजुतीनुसार वर्ज्य आहे. ‘दक्षिणवाऱ्यासाठी पाच फाटके’ या कृतीत त्याने आइसलँडच्या समुद्रकिनारी दक्षिणेचा वारा वाहिला तरच उघडतील अशी पाच फाटके उभी केली. परंतु सर्वांत विचारप्रवर्तक ठरते ती १९७४ ची ‘गृहप्रकल्प’ ही कृती. लेखक थोरबेर्गुर थोर्दार्सोन यांच्या १९३८ च्या एका ग्रंथात सोलोन ग्वुद्मुंद्सोन नामक वृद्धाची हकीकत आहे. भिंतीचा सुंदर कागद जास्तीत जास्त लोकांना दिसावा म्हणून त्याने पन्हळी पत्रे आतल्या बाजूस आणि कागद बाहेरच्या बाजूस असे उलटे घर बांधावयास घेतले होते. ह्रेइन्नने रेक्याविकपासून फार दूर नसलेल्या लाव्हाच्या ओसाड मैदानात, जेथून दुसरी कोणतीही मानवनिर्मित वस्तू दिसत नाही अशा ठिकाणी, तसे छोटे घर खरोखर बांधले. २१ जुलै १९७४ रोजी ते पूर्ण झाले. त्याचा युक्तिवाद असा की घर उलटे झाल्यामुळे ‘बाहेर’ हे त्या चार भिंतींत सामावले आणि उरलेले अखिल विश्व ‘आत’ आले. दालनातील प्रेक्षकाला हे घर केवळ छायाचित्रे आणि मजकूर यांतूनच पाहता येई. आम्स्टरडॅममध्ये ‘इन-आउट’ या नावाच्या दालनाचा सदस्य असताना आत आणि बाहेर यांची अशी अदलाबदल त्याने मायदेशी करावी, यावर अधिक भाष्याची गरज नाही.

सिगुर्दुरच्या ‘सिच्युएशन्स’ या दशकभर चाललेल्या छायाचित्रमालिकेविषयी थोडक्यात सांगता येईल. कलावंत स्वतःच चित्रात निश्चल उभा, बसलेला वा पडलेला असतो आणि साध्या वस्तूंशी त्याचा क्षणभराचा तोल साधलेला असतो. तत्त्वचर्चेपेक्षा काव्याकडे झुकणारी ही कृती लवकर लोकप्रिय झाली. १९७६ आणि १९७८ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात त्याने आइसलँडचे प्रतिनिधित्व केले. १९८२ मध्ये क्रिस्तियानला आणि १९९३ मध्ये ह्रेइन्नला तो मान मिळाला. दालनातील तिन्ही आइसलँडिक सदस्य कालांतराने राष्ट्राचे अधिकृत प्रतिनिधी ठरले, ही गोष्ट त्या दालनाचे ऐतिहासिक मूल्य ठरविताना निर्णायक आहे.

मर्यादा आणि उत्तरकाळ

तथापि या इतिहासाची एक बाजू झाकलेली राहते. सूम गटात रोस्का आणि हिल्दुर हाकोनार्दोत्तिर यांच्यासारख्या स्त्री-कलावंत होत्या. रोस्का रोममध्ये राहून राजकीय आशयाचे काम करीत होती, तर हिल्दुरने विणकामाला सामाजिक भाष्याचे माध्यम केले. आम्स्टरडॅमच्या संकल्पनात्मक वर्तुळात मात्र आइसलँडचे म्हणून जे ओळखले गेले ते तिघेही पुरुष. लिफाफ्यात मावणाऱ्या कलेची जी सोय वर वर्णिली, ती मागावर विणलेल्या भिंतचित्राला लाभणारी नव्हती. छोट्या दालनांची उदारता गृहीत धरताना त्यांच्या अभिरुचीच्या सीमाही पाहिल्या पाहिजेत.

१९७४ च्या अखेरीस इन-आउट सेंटर बंद झाले. पुढच्याच वर्षी कारियोनने कलावंतांच्या पुस्तकांचे ‘अदर बुक्स अँड सो’ हे दुकान उघडले आणि त्याच शहरात ‘द आपेल’ ही कलासंस्थाही सुरू झाली. १९७८ मध्ये रेक्याविकमध्ये कलावंतांनी ‘जिवंत कलेचे संग्रहालय’ स्थापन केले. शासकीय संग्रह ज्या कृती घेत नव्हता त्या नष्ट होऊ नयेत, ही त्यामागील प्रेरणा होती. क्रिस्तियान १९७९ मध्ये मायदेशी परतला. १९८६ मध्ये आम्स्टरडॅममध्ये ‘बुकी वुकी’ हे कलावंत-पुस्तकांचे दुकान सुरू झाले, त्याच्या सहा संस्थापकांत रूना थोर्केल्सदोत्तिर आणि पेतुर माग्नुसोन हे आइसलँडचे होते. सिगुर्दुर पुढे चीनमध्येही राहू लागला. त्याची पत्नी इनेके हिने १९९९ मध्ये श्यामेन येथे चिनी-युरोपीय कलाकेंद्र स्थापन केले, तेव्हा परक्या शहरातील छोट्या दालनाचा तोच प्रयोग आशियात नव्याने सुरू झाला.

दालनाची स्वतःची कागदपत्रे मात्र दीर्घकाळ विखुरलेलीच होती. निमंत्रणपत्रिका, काही छायाचित्रे, पुस्तिका. त्यांचा शोध घेऊन २०१६ मध्ये द आपेलने इन-आउट सेंटरच्या अभिलेखांचे प्रदर्शन मांडले, दालन बंद झाल्यावर चार दशकांहून अधिक काळाने. ह्रेइन्नचे उलटे घर दरम्यान वाढत गेले होते. २००८ मध्ये फ्रान्समधील केर्गेएनेक येथे दुसरे घर, २०११ मध्ये पहिल्या घराच्या जागी केवळ सांगाड्याच्या रूपातील तिसरे आणि २०१७ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टरच्या शिल्पप्रदर्शनात चकचकीत पोलादाचे चौथे. मार्च २०२४ मध्ये ह्रेइन्नचे निधन झाले. आम्स्टरडॅममध्ये स्थायिक होऊन त्याला तेव्हा पन्नासहून अधिक वर्षे झाली होती.