खांदेरीचे दीडशे

शिवछत्रपतींच्या आरमाराचा विषय निघाला की आमच्या सभासंमेलनांतून सिंधुदुर्गाचे वर्णन हटकून होते. खांदेरीचे नाव मात्र क्वचितच कानी पडते. घाटावर जन्मलेल्या आणि नोकरीनिमित्त समुद्रापासून शेकडो कोस दूर येऊन राहिलेल्या आम्हांसारख्यांना तर हे बेट नकाशावर शोधावे लागले. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर, दोन टेकड्यांचे हे लहानसे बेट आहे. ते मराठ्यांच्या हाती जाणे म्हणजे मुंबई बंदराच्या तोंडाशी पहारा बसणे होय, हे इंग्रजांनी तत्काळ ओळखले.

१६७२ मध्ये महाराजांचा येथे किल्ला बांधण्याचा पहिला प्रयत्न तडीस गेला नव्हता. १६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा पुरता सरला नसताना, मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसांनिशी बेटावर उतरले आणि तटाचे काम सुरू झाले. इंग्रजांनी बेट आपले असल्याचा दावा करून गलबते पाठविली. मायनाकांनी महाराजांच्या आज्ञेशिवाय जागा सोडण्यास नकार दिला. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प बळाने उतरू लागला, तेव्हा बेटावरून असा मारा झाला की तो स्वतःच ठार झाला.

पण खरी कसोटी यापुढची होती. भोवती तोफांची जहाजे असताना धान्य आणि सामान आणायचे कोणी? ते आणले किनाऱ्यावरच्या दर्यावर्दींनी. त्यांच्या होड्या उथळ बांधणीच्या व वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्री वारा पडला की इंग्रजांची थोरली जहाजे जागीच खिळत आणि या होड्या त्यांच्या डोळ्यांदेखत निसटून जात. मुंबईकर इंग्रजांनी आपल्या पत्रांतून याविषयी पुष्कळ कुरकुर केली आहे. फायली वाचण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला विजयवृत्तापेक्षा शत्रूची अशी कुरकुर अधिक विश्वसनीय वाटते! एक गोळा लागला तर होडी माणसांसकट तळाशी जायची, हे ठाऊक असूनही दुसऱ्या रात्री पुन्हा वल्ही हाती घेणे, यास काय म्हणावे?

१८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाने नागावकडून पन्नासएक गलबतांनिशी हल्ला चढविला. तो इतका वेगाने आला की इंग्रजांना नांगर उचलण्यासही धड अवधी मिळाला नाही. त्यांच्या 'डव्ह' गुराबेने निशाण उतरविले व ती मराठ्यांच्या हाती लागली. येथे आमची काही वक्ते मंडळी सारे इंग्रजी आरमार बुडवून मोकळी होतात. ते खरे नव्हे. मिंचिन आणि केग्विन यांची 'रिव्हेंज' एकाकी झुंजली, तिच्या तोफांपुढे आपल्या गलबतांना मागे फिरावे लागले आणि ती नागोठण्याच्या खाडीत शिरली. केग्विनचे धैर्य मान्य करण्यात आपल्याला कमीपणा नाही. त्या दिवशी समुद्रावर जय इंग्रजांचा झाला असे म्हटले तरी चालेल. बेट मात्र मायनाकांकडेच राहिले.

नोव्हेंबरात जंजिऱ्याचा सिद्दी कासम इंग्रजांच्या मदतीस आला. तोफांचा भडिमार वाढला, तरी तट चढतच होता. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी महाराजांशी तह केला आणि आपली जहाजे काढून घेतली. सिद्दीने मात्र त्याच जानेवारीत शेजारची उंदेरी बळकावली. तिच्यावर चालून गेलेल्या दौलतखानास यश आले नाही. तो स्वतः जखमी झाला. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले, तेव्हा खांदेरी स्वराज्यात होती.

पुढे स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९६८ साली आपल्या एका पाणबुडीस 'खांदेरी' हे नाव दिले. २०१९ साली तेच नाव दुसऱ्या पाणबुडीस मिळाले. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे. पडलेल्या थॉर्पचे नाव इंग्रजांच्या दप्तरात नोंदलेले आहे. मायनाकांबरोबर उतरलेल्या दीडशे जणांची, किंवा रात्री त्यांना तांदूळ पोहोचविणाऱ्या तांडेलांची यादी आमच्या तरी पाहण्यात आलेली नाही.