स्ट्रॅसबर्ग रेल्वे

स्ट्रॅसबर्ग रेल्वे : अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील, स्ट्रॅसबर्ग गाव व लीमन प्लेस जंक्शन यांना जोडणारा सु. ७ किमी. लांबीचा लोहमार्ग. फिलाडेल्फियाहून पश्चिमेकडे जाणारा मुख्य लोहमार्ग (→ पेनसिल्व्हेनिया) गावाला टाळून उत्तरेकडून जाणार असल्यामुळे, आपला व्यापार उदीम लयास जाऊ नये या हेतूने या जोडमार्गाचा घाट घालण्यात आला व राज्याच्या विधिमंडळाने १८३२ मध्ये त्यास सनद दिली. प्रारंभी घोड्यांनी व पुढे वाफेच्या एंजिनाने (→ वाफ एंजिन) गाड्या ओढल्या जात. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या ट्रामने उतारू हिरावून नेले, तेव्हा केवळ मालवाहतूक उरली. पक्क्या सडका व मालमोटारी यांच्या स्पर्धेत तीही क्षीण होऊन मार्ग मोडीत काढण्याचा प्रसंग ओढवला असता, १९५८ मध्ये रेल्वेप्रेमी नागरिकांच्या मंडळीने तो विकत घेतला आणि १९५९ पासून पर्यटकांसाठी गाड्या सुरू केल्या. गावातील माल वाघिणींतून जंक्शनवर आणून मुख्य मार्गाच्या स्वाधीन करणे व तेथून आलेल्या वाघिणी गावात पोहोचविणे, हे या जोडमार्गाचे मूळ कार्य होय. पर्यटनाच्या उत्पन्नावर तगूनही या रेल्वेने ते सोडले नाही, हे विशेष उल्लेखनीय आहे. तिचा कारभार अद्यापि मूळ सनदेनुसार चालतो. (→ रेल्वे).