घरचा भेदी आणि करमाफीची जमीन

१/
भावाने भावाविरुद्ध किंवा विभक्त पतीने पत्नीविरुद्ध सरकारदरबारी जावे आणि "हा कर चुकवतो", "ही सवलत याच्या हक्काची नाही" असे सांगावे, ही आजच्या काळाची विकृती मानली जाते. गोदाकाठचा इतिहास मात्र सांगतो की हा व्यवहार फार जुना आहे. बदलत गेली ती त्याची रीत. #थ्रेड

२/
आरंभ नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातून, म्हणजेच पांडवलेण्यांतून. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा शिलालेख आहे. गोवर्धनच्या अमात्याला राजा कळवतो की पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने शेत भिक्षूंना दिले आहे. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी ते खोदू नये, असे परिहारही त्यात आहेत.

३/
ही दुसऱ्या शतकातील करमाफी. भूमी राजाची, उत्पन्न दुसऱ्याचे आणि त्यावर सरकारी हात नाही. अशी सवलत आली की दोन प्रश्न आपोआप उभे राहतात. सनद खरी आहे का? आणि आज ती उपभोगणारा खरा हक्कदार आहे का? पहिल्याचे उत्तर दफ्तरात मिळू शकते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा घरातच असते.

४/
घरातली गोष्ट बाहेर कशी काढावी, याचा विचार कौटिलीय अर्थशास्त्रात सापडतो. सरकारी धनाच्या अपहाराची खबर देऊन ती सिद्ध करणाऱ्या 'सूचका'ला त्या रकमेचा सहावा हिस्सा मिळे. तो सरकारी सेवक असल्यास बारावा. आरोप सिद्ध झाला नाही, तर मात्र दंड किंवा देहदंड सूचकालाच. खबर देणारा जोखीम पत्करूनच बोलत असे.

५/
मराठेशाहीत हा प्रश्न वतन आणि इनाम यांच्याभोवती फिरला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे 'दायाद' म्हटले आहे. दायाद म्हणजे वाटा मागणारा भाऊबंद. राज्यकर्त्याला वतनदार कसा दिसत होता, हे त्या एका शब्दातून कळते. आणि प्रत्येक वतनदाराच्या घरात त्याचे स्वतःचे दायाद होतेच.

६/
"अमक्याचा कागद बनावट आहे", "तमका मूळ पुरुषाच्या वंशातला नाही" अशी तक्रार भाऊबंदाने केली, की प्रकरण गोतसभेपुढे येई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते लोक एकत्र बसत. साक्षीदाराला देवळात किंवा नदीच्या पाण्यात उभे करून शपथ घालत. कागद आणि साक्ष यांनी उलगडा झाला नाही, तर दिव्याचा मार्ग असे. निवाड्याचा महजर सर्वांच्या साक्षीने लिहिला जाई.

७/
या पद्धतीला आदर्श मानण्याचे कारण नाही. तापलेल्या तेलातून रवा काढून कोणाची वंशावळ खरी ठरत नाही. शिवाय सरकारचा लाभ दोन्हीकडून होता. जिंकणाऱ्याने 'हरकी' भरायची, हरणाऱ्याने 'गुन्हेगारी'. भाऊबंदकी हे सरकारी उत्पन्नाचे एक साधन होते, असे म्हटले तरी चालेल.

८/
तरीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आरोप करणारा भाऊबंद चारचौघांसमोर उभा राही, आणि ज्याच्यावर आरोप होई त्याला समोरासमोर उत्तर देता येई. दुसरी गोष्ट, वाद जिंकला तर वतन घराण्याच्याच एका शाखेकडे राही. भांडण कडवट होते, पण त्याचे फळ घरातच होते.

९/
१८१८ मध्ये पेशवाई संपली. एल्फिन्स्टनने साताऱ्याच्या जाहीरनाम्यात वतने, इनामे, वर्षासने आणि देवस्थानांची उत्पन्ने यांना संरक्षणाचे आश्वासन दिले. नाशिक आणि त्र्यंबकसारख्या क्षेत्रांसाठी हे वचन किती मोलाचे होते, हे सांगायला नको. देवळे, घाट, अन्नछत्रे, वैदिक घराणी यांचा मोठा आधार असलीच उत्पन्ने होती.

१०/
पुढे करमाफीच्या जमिनी कंपनी सरकारच्या डोळ्यांत सलू लागल्या. १८५२ च्या ११ व्या कायद्याने दख्खन, खानदेश आणि दक्षिण मराठा मुलूख येथील इनामांची चौकशी सुरू झाली. हेच इनाम कमिशन. नाशिक तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता (तो १८६९ मध्ये झाला), पण हा सारा टापू त्या कायद्याच्या कक्षेत होता.

११/
त्या कायद्याचा एक नियम मुळातून समजून घ्यावा. वंशपरंपरेची सनद नसेल, तर इंग्रजी अंमलापूर्वी ६० वर्षे अखंड उपभोग दाखवावा लागे. तेवढ्याने भागत नसे. अंमल सुरू होताना जमीन मूळ इनामदाराच्या नातवाकडे किंवा त्याच्या पुरुषवंशजाकडे असावी लागे. तसे असल्यास पुढे पुरुषवारस असेपर्यंत सवलत चालू राही.

१२/
म्हणजे वंशावळ हाच करमाफीचा पुरावा झाला. कोण औरस, कोण दत्तक, कोणती शाखा निर्वंश, या घरगुती गोष्टींवर सारा ठरू लागला. आणि त्या गोष्टी भाऊबंदांइतक्या नेमक्या दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

१३/
येथेच मोठा फरक पडला. पेशवाईत चुलतभावाचा हक्क खोटा ठरवणाऱ्याला वतन मिळण्याची आशा असे. आता हक्क खोटा ठरला, की जमिनीवर पूर्ण आकार बसे आणि फायदा सरकारी खजिन्याचा होई. इनाम सामाईक असेल, तर सांगणाऱ्याचा वाटाही त्यातच बुडे. कमिशनच्या निर्णयाविरुद्ध दिवाणी न्यायालयाचे दारही बंद होते.

१४/
सुमारे २०,००० मिळकती जप्त झाल्या, असा आकडा या काळाच्या इतिहासात वारंवार येतो. १८५७ च्या असंतोषामागे हे एक ठळक कारण होते. नरगुंदच्या बाबासाहेब भावे यांना दत्तक घेण्यास परवानगी नाकारली गेली. १८५८ मध्ये त्यांच्या उठावात मारला गेलेला मॅन्सन हा अधिकारी पूर्वी याच कमिशनच्या कामात होता.

१५/
अखेरीस सरकारने माघार घेतली, पण व्यापाऱ्याच्या हिशेबाने. १८६३ च्या कायद्याने इनामदाराला पर्याय दिला. आकाराच्या एक चतुर्थांश रक्कम आणि रुपयामागे एक आणा नजराणा दरसाल द्यावा. मग हक्काची खोल चौकशी होणार नाही. घरातल्या गुपिताची किंमत एका फटक्यात उतरली.

१६/
वंशावळींचा आणखी एक साठा नाशिक-त्र्यंबकला आहे, तो तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. यात्रेला आलेली घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या आपली नावे नोंदवत आली. वारसाच्या वादांत अशा वह्या न्यायालयांपुढेही आल्या आहेत. त्यांचे मोल कशात आहे? वाद उद्भवण्यापूर्वी, कोणाचेही वाईट करण्याचा हेतू नसताना, त्या लिहिल्या गेल्या.

१७/
आता आजचा काळ. आयकर विभागाच्या २०१८ च्या बक्षीस योजनेत देशातील करचुकवेगिरीच्या खबरीसाठी ५० लाख रुपयांपर्यंत बक्षीस आहे आणि खबर देणाऱ्याची ओळख गुप्त राहते. बलाढ्य करबुडव्याविरुद्ध बोलणाऱ्याला हे संरक्षण हवेच. मात्र हाच मार्ग मोडलेल्या संसारातला राग काढण्यासाठीही खुला राहतो.

१८/
सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आयकर विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती मानली. व्यापक जनहित असेल तरच ती उघड करता येते. २०२० मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका पोटगीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पती आणि पत्नी दोघांनाही मालमत्ता व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. चोरून कागद मिळवण्यापेक्षा दोघांनी समोरासमोर शपथेवर सांगावे, हा त्यातला विचार.

१९/
गोतसभेतील दिव्य गेले, ते योग्यच झाले. पण आरोप उघड व्हावा, ज्याच्यावर तो झाला त्याला उत्तराची संधी मिळावी आणि खोटे बोलणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागावी, ही तिची शहाणी बाजू आजही उपयोगी आहे. नातलग खरे सांगतो की सूड उगवतो, हे सरकारला घराबाहेरून दिसत नाही. म्हणून तक्रार ही चौकशीची सुरुवात मानावी. इनाम कमिशनने दुखावलेल्या मुलखाने तरी हे विसरू नये.